डोस वाढवण्याआधी

शुगर उतरत नाही, टीएसएच (थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारा हार्मोन) खाली येत नाही, म्हणजे औषध कमी पडतंय, असं धरून चालणं फार सोपं आहे. चिठ्ठीवरचा आकडा वाढतो, पेशंट नवा डोस घेऊन घरी जातो आणि तीन महिन्यांनी पुन्हा तसाच रिपोर्ट हातात येतो. हार्मोन्सच्या आजारांत कुठलं औषध दिलंय याला जेवढं महत्त्व, तेवढंच ते केव्हा, कसं, कशाबरोबर आणि अंगात नेमकं कुठे जातंय यालाही आहे. म्हणून चांगला एंडोक्रायनॉलॉजिस्ट रिपोर्ट बाजूला ठेवून आधी पोट चाचपतो, इन्सुलिनचा पेन हातात देऊन "आता माझ्यासमोर डोस लावून दाखवा" म्हणतो, "गोळी उठल्यावर किती वेळाने घेता, त्यानंतर काय खाता-पिता" हे खोदून विचारतो. यात गेलेला वेळ वाया जात नाही. अनेकदा उत्तर तिथेच सापडतं.

सुरुवात इन्सुलिनपासून करू, कारण सगळ्यात जास्त गळती तिथे होते.

वर्षानुवर्षं एकाच जागी टोचलं की कातडीखालची चरबी तिथे वाढते आणि गाठ तयार होते. इन्सुलिन स्वतःच चरबीच्या पेशी वाढवतं, आणि तीच ती बोथट सुई पुन्हा पुन्हा वापरली की त्यात इजेची भर पडते. नुसत्या नजरेला या गाठी बऱ्याचदा दिसत नाहीत. बोटांना थोडं क्रीम किंवा साबणाचं पाणी लावा आणि चांगल्या कातडीवरून नेहमीच्या टोचायच्या जागेकडे हळूहळू सरकत या. निरोगी जागी चिमूट सहज येते, बोटं एकमेकांजवळ येतात. गाठीवर चिमूट जाड येते, बोटांखाली रबरासारखं लागतं. कधी कधी गाठ लहान असते, कधी तळहाताएवढी पसरट.

गाठीत टोचलं की दुखत नाही, म्हणून हात आपोआप तिथेच जातो. पण तिथून इन्सुलिन रक्तात नीट शोषलं जात नाही. आज थोडं गेलं, उद्या बरंच गेलं, परवा उशिरा गेलं. त्यामुळे वहीतल्या नोंदी अशा दिसतात: खाणं तेच, डोस तोच, तरी एका सकाळी २४० आणि दुसऱ्या सकाळी ६५. असा आलेख दिसला की डोसला हात लावण्याआधी पोटाला हात लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण गाठीत टोचत असतानाच डोस वाढवत नेला आणि एक दिवस सुई चुकून चांगल्या कातडीत गेली, तर तो वाढवलेला सगळा डोस एकदम कामाला लागतो. गाठ सोडून नवीन जागी टोचायला सुरुवात करतानाही हाच धोका असतो. त्या वेळी डॉक्टरांना विचारून डोस साधारण १० ते २० टक्के कमी करावा लागू शकतो आणि पुढचे काही दिवस शुगर जास्त वेळा तपासावी लागते. टोचणं थांबवलं की गाठी बसतात, पण त्याला महिने लागतात.

जागा बदलायची म्हणजे पोटावर आज उजवीकडे, उद्या डावीकडे इतकंच नाही. पोटाचे चार भाग करा, एक आठवडा एकच भाग वापरा, आणि त्या भागातही प्रत्येक टोचणी आधीच्या टोचणीपासून किमान एक बोट अंतरावर ठेवा. सकाळचं इन्सुलिन पोटावर आणि रात्रीचं मांडीवर, असं ठरलं असेल तर ते रोज तसंच ठेवा. जुन्या ह्युमन इन्सुलिनचं शोषण पोटातून सर्वांत जलद आणि मांडीतून सर्वांत सावकाश होतं. एकाच वेळचा डोस आज पोटात, उद्या मांडीत असा फिरवला तर तेवढ्यानेही आकडे हलतात.

सुई ४ मिलिमीटरची पुरते. माणूस कितीही जाड असला तरी टोचायच्या जागेची कातडी दोन-अडीच मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे ४ मिलिमीटरची सुई सरळ, काटकोनात टोचली की ती कातडी ओलांडून चरबीत पोहोचते. वजन जास्त म्हणून सुई लांब हवी, ही समजूत चुकीची आहे. लांब सुई सडपातळ माणसाच्या मांडीत किंवा दंडात थेट स्नायूत जाते, तिथून इन्सुलिन फार वेगाने रक्तात जातं आणि शुगर अचानक कोसळते.

आता पेन. दर वेळी नवी सुई लावायची, २ युनिट फिरवायचे, पेन उभा धरून बटण दाबायचं आणि सुईच्या टोकावर थेंब दिसतो का ते बघायचं. नाही दिसला तर पुन्हा २ युनिट. थेंब दिसल्यावरच खरा डोस लावायचा. हे २ युनिट फुकट जातात असं वाटून बरेच जण ही पायरी गाळतात. मग सुई तुंबलेली असली किंवा आत हवा असली तरी कळत नाही, आणि १० युनिटच्या जागी ६ जातात. टोचल्यावर खिडकीत शून्य येईपर्यंत बटण दाबायचं, ते तसंच दाबून धरून मनात सावकाश दहा आकडे मोजायचे आणि मगच सुई बाहेर काढायची. सुई काढल्यावर कातडीवर किंवा टोकावर थेंब किंवा धार दिसली तर समजा घाई झाली.

सुई पेनला लावून ठेवणं ही सवय मोडायलाच हवी. पेन गार जागेतून गरम जागेत गेला की औषध प्रसरण पावून सुईतून बाहेर गळतं, परत गार झालं की हवा आत शिरते. कार्ट्रिजमध्ये, म्हणजे पेनातल्या औषधाच्या नळीत, मोठा बुडबुडा दिसतो तो बहुतेक वेळा असाच आलेला असतो. बुडबुडा दाबला जातो, त्यामुळे औषध सावकाश येतं आणि दहा मोजून झाले तरी डोस पूर्ण गेलेला नसतो.

दुधाळ दिसणारं इन्सुलिन, म्हणजे एनपीएच किंवा ३०/७० सारखं मिश्रण, वापरण्याआधी दोन्ही तळहातांत दहा वेळा फिरवायचं आणि दहा वेळा वर-खाली उलटायचं. जोरजोरात हलवायचं नाही. तळाशी पांढरा साका दिसतोय तोवर ते तयार नाही. हे नीट झालं नाही तर कार्ट्रिजच्या सुरुवातीच्या डोसांत एक प्रमाण जातं आणि शेवटच्या डोसांत दुसरंच. पेन नवा लावला की आठवडाभर शुगर एका तऱ्हेची आणि संपत आला की दुसऱ्या तऱ्हेची, असं होत असेल तर इथे बघा.

सिरिंज वापरणाऱ्यांसाठी एक धोका फार गंभीर आहे. कुप्या दोन तीव्रतेच्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. सिरिंजही त्याच हिशोबाच्या दोन. ४० च्या सिरिंजला लाल टोपण असतं, १०० च्या सिरिंजला नारिंगी. १०० च्या कुपीतलं औषध ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात २० नाही, ५० युनिट जातात. उलट केलं तर २० च्या जागी ८ जातात. दुकान बदललं, कुपी बदलली, दवाखान्यातून घरी आलात, की दर वेळी दोन्हीवरचा आकडा जुळवून बघा. पेनचं कार्ट्रिज साधारणपणे १०० च्या तीव्रतेचं असतं, म्हणून कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध काढण्याचा उद्योग करू नका.

साठवणीचा नियम सोपा आहे. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, फ्रीजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात. फ्रीझरजवळ नको, कारण एकदा गोठलं की वितळल्यावर कितीही चांगलं दिसलं तरी ते टाकून द्यायचं. वापरात असलेला पेन २५ ते ३० अंशांखाली बाहेर ठेवला तरी चालतो, बहुतेक प्रकार २८ दिवस टिकतात. काही नवे प्रकार जास्त टिकतात, डेग्लुडेक ५६ दिवस, म्हणून पत्रक वाचा. उघडल्याची तारीख पेनावर चिकटपट्टी लावून लिहा. थेंब बघायचे २ युनिट धरून दिवसाला ६ युनिट लागणाऱ्याचं ३०० युनिटचं कार्ट्रिज ५० दिवस पुरतं, आणि शेवटचे तीन आठवडे ते हळूहळू कमजोर होत गेलेलं असू शकतं. कमी डोसवाल्यांची शुगर महिन्याच्या शेवटी चढते, त्यामागे हे एक कारण असतं.

वेळेबद्दल थोडक्यात. रेग्युलर ह्युमन इन्सुलिन टोचल्यावर कामाला लागायला अर्धा तास घेतं, जोर दोन ते चार तासांनी येतो. ते ताट समोर आल्यावर टोचलं तर जेवणानंतरची शुगर वर जाणार आणि पुढच्या जेवणाआधी खाली येणार, हे ठरलेलं. लिसप्रो, अस्पार्ट यांसारखी जलद इन्सुलिनं जेवणाआधी पाच ते पंधरा मिनिटं टोचली तरी चालतात.

सकाळची उपाशीपोटीची शुगर जास्त आली म्हणून रात्रीचा डोस वाढवण्याआधी दोन-तीन रात्री पहाटे ३ वाजता शुगर बघा. तेव्हाही जास्त असेल तर डोस खरोखर कमी असेल. तेव्हा ठीक असून सकाळी चढत असेल, तर पहाटे वाढणाऱ्या आणि शुगर चढवणाऱ्या कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोनचा तो परिणाम असतो. आणि तेव्हा ७० च्या खाली सापडली, तर रात्रीचा डोस वाढवणं धोक्याचं. तिन्ही वेळा सकाळचा आकडा सारखाच दिसतो, उपाय मात्र वेगवेगळे.

शुगर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासणी, हे बहुतेकांना ठाऊक असतं. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट अशी की, अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्याने घरातली साखर खाऊन लगेच फरक पडत नाही. ही औषधं साखरेचं विघटनच रोखतात. त्यांच्या खिशात ग्लुकोजची पावडर किंवा गोळ्याच हव्यात. चॉकलेटही कामाचं नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.

थायरॉइडच्या गोळीची गोष्ट वेगळी, पण मुद्दा तोच. लेव्होथायरॉक्सिन रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. चहा-कॉफीसुद्धा त्यानंतरच. कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीवरची ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमची औषधं या गोळीला आतड्यात बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. बाळंतपणानंतर लोह आणि कॅल्शियम सुरू झालेल्या बाईचा टीएसएच वाढला की आधी विचारायचा प्रश्न हाच: तिन्ही गोळ्या एकत्र घेता का? सकाळी वेळ पाळणं जमतच नसेल तर रात्री झोपताना, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी घेतली तरी चांगली लागू पडते. फक्त रोज एकच वेळ ठेवा.

या औषधाचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण सात दिवस लागतात. यातून दोन गोष्टी निघतात. एक, डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनीच तपासायचा; दोन आठवड्यांनी तपासून पुन्हा डोस बदलला तर डोस कधी जास्त, कधी कमी असा खेळ सुरू होतो. दुसरी, एखादी गोळी चुकली तर आकाश कोसळत नाही, आठवताच घ्या किंवा दुसऱ्या दिवशी दोन घ्या. हृदयविकार असेल तर हे आधी डॉक्टरांना विचारून. पण महिनाभर चुकवायची आणि तपासणीच्या आधी पाच दिवस नेमाने घ्यायची, असं केलं की रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेला आणि टी-४ (थायरॉइडचा मुख्य हार्मोन) मात्र ठीक किंवा जास्त दिसतो. जाणत्या डॉक्टरांना हा रिपोर्ट लगेच ओळखू येतो. लपवू नका, त्यात रागावण्यासारखं काही नाही. उलट सांगितलंत तर विनाकारण वाढणारा डोस टळेल.

थायरॉइड ग्रंथी जवळजवळ निकामी असेल तर पूर्ण डोस वजनाच्या दर किलोला १.६ मायक्रोग्रॅम या हिशोबाने येतो. ६० किलोच्या माणसाला १०० च्या आसपास. त्याच माणसाला २०० घेऊनही टीएसएच उतरत नसेल, तर गोळी पोटात जात नाही किंवा गेली तरी शोषली जात नाही. सिलिॲक आजार (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारी इजा), जठराची जुनी सूज, ॲसिडिटीच्या गोळ्यांचा दीर्घ वापर, यांचा शोध तिथे घ्यायचा. आणि आजार पिट्यूटरीचा, म्हणजे टीएसएच बनवणाऱ्या मेंदूखालच्या ग्रंथीचा, असेल तर टीएसएच बघून डोस ठरवणंच चूक, तिथे फ्री टी-४ बघायचा.

औषध नीट पोहोचतंय अशी खात्री झाली की पुढचा प्रश्न: आकडा तरी खरा आहे का?

एचबीए१सी हा मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज आहे, पण तो तांबड्या पेशींच्या आयुष्यावर टेकलेला आहे. लोहाची कमतरता असेल तर तो खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. रक्त दिलं गेलं असेल, तांबड्या पेशी लवकर फुटत असतील, डायलिसिसवर एरिथ्रोपोएटिन (तांबड्या पेशी वाढवणारं इंजेक्शन) चालू असेल तर कमी येतो. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४, ८ टक्के म्हणजे १८३. तुमच्या वहीतली सरासरी १४० आणि रिपोर्टमध्ये साडेआठ, असा फरक पडला तर दोघांपैकी एकजण चुकतोय. आधी हिमोग्लोबिन बघा, मग मीटर बघा, आणि जेवणानंतरच्या वेळा वहीत आहेत का तेही बघा. फक्त सकाळचीच शुगर मोजणाऱ्यांची वही नेहमी चांगली दिसते. मीटरच्या बाबतीत सगळ्यात साधी चूक हातांची. फळ सोलून तसंच बोट टोचलं तर आकडा बराच वर जातो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, सॅनिटायझरवर भागवू नका.

केसांसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या काही लॅबच्या पद्धतीत टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दाखवतात. रिपोर्ट बघून थायरॉइड वाढलाय असं वाटतं आणि चालू गोळी कमी केली जाते. तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बायोटिन बंद ठेवा. प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारा हार्मोन) वाढलेलं आलं तर एमआरआयच्या आधी औषधांची यादी काढा: उलटीवरची डोम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजारावरची रिस्पेरिडोन ही ते वाढवतात. कॉर्टिसॉल सकाळी ८ च्या सुमारास, टेस्टोस्टेरॉनही सकाळीच, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. दुपारी ३ ला दिलेल्या रक्तावर हार्मोन कमी असल्याचा शिक्का मारू नये.

मग तिसरा संशयित: दुसरं एखादं औषध. स्टेरॉइड सगळ्यात आधी. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनमुळे शुगर दुपारी आणि संध्याकाळी चढते, उपाशीपोटीची बहुधा ठीकच असते. फक्त सकाळचा रिपोर्ट बघितला तर हे निसटतं. आणि संध्याकाळचा आकडा बघून रात्रीचं दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन वाढवलं तर पहाटे शुगर खाली येते. जोर दुपारच्या डोसवर द्यावा लागतो. सांध्यात घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शनही शुगर काही दिवस वाढवतं, आणि पेशंट ते "औषध" म्हणून सांगत नाही, कारण ते दुसऱ्या दवाखान्यात घेतलेलं असतं. घटक न लिहिलेल्या पुड्यांमध्येही स्टेरॉइड सापडतं. म्हणून अपॉइंटमेंटला जाताना यादी नको, पिशवीच न्या: सगळ्या गोळ्या, पुड्या, मलमं, पेन, सुया, मीटर.

एवढं सगळं थांबून बघायला सांगितलं, तरी काही वेळा थांबायचं नसतं. थायरॉइडची गोळी चालू असताना दिवस गेल्याचं कळलं, तर गरज २५ ते ३० टक्क्यांनी वाढते. त्या दिवसापासून आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, आणि टीएसएचची तपासणी लगेच. टाइप १ च्या (शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नसलेल्या) पेशंटने उलट्या होतायत, खाल्लं जात नाही म्हणून दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन कधीही बंद करायचं नाही. कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून रक्तात साठणारी आम्लं) तपासायचे, आणि रक्तातले कीटोन १.५ च्या वर गेले तर डॉक्टरांना फोन, ३ च्या वर तर थेट हॉस्पिटल. डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीतून साखर काढणारी गोळी आजारपणात आणि मोठ्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद ठेवायची असते, कारण तिच्यामुळे शुगर २०० च्या आत असतानाही कीटोन वाढू शकतात आणि मीटर बघून कुणालाच शंका येत नाही.

मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी काम करत नसलेल्या किंवा महिनोन् महिने स्टेरॉइड घेतलेल्या माणसाचं शरीर आजारपणात लागणारं जास्तीचं कॉर्टिसॉल बनवू शकत नाही. कॉर्टिसॉलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन घेणाऱ्याला ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर रोजचा डोस दुप्पट, ३९ च्या वर गेला तर तिप्पट, बरं वाटेपर्यंत, साधारण दोन-तीन दिवस. प्रेडनिसोलोन किंवा दुसरं स्टेरॉइड घेणाऱ्यांनी आपला हिशोब आधीच विचारून लिहून ठेवावा. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा घ्या. तीही उलटली तर तिसरीची वाट बघू नका: मांडीच्या स्नायूत १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि लगेच हॉस्पिटल. हे इंजेक्शन, सिरिंज आणि पाण्याची कुपी घरात एकाच डब्यात असावी, ते बनवून टोचायचं कसं हे घरातल्या किमान दोघांना आधीच शिकवलेलं असावं, आणि पाकिटात आजाराचं नाव, रोजचा डोस व "स्टेरॉइड बंद करू नये" असं लिहिलेलं कार्ड असावं. डब्यावरची एक्स्पायरीची तारीख दर सहा महिन्यांनी तपासा.